‘ब’ जागेची तारीख

आमच्या गावातल्या एका प्रभागानं नगरपरिषदेच्या एकाच निवडणुकीत दोनदा मतदान केलं. 2 डिसेंबर 2025 ला नगराध्यक्ष आणि प्रभागातल्या दोन सदस्य जागांपैकी ‘अ’ जागेसाठी, मग 20 डिसेंबरला फक्त ‘ब’ जागेसाठी. तीच माणसं, तीच जिल्हा परिषदेची शाळा, तीच चौथीची खोली. फेरमतदान नव्हतं ते. मशीन फुटलं नव्हतं, दगडफेक झाली नव्हती, कुणी उमेदवार वारला नव्हता. कारण इतकं कोरडं होतं की लोकांना समजावून सांगता सांगता माझा घसा बसला आणि शेवटी शेवटी मी ‘वरून आदेश आहे’ एवढंच म्हणायला लागले.

मी तहसीलच्या निवडणूक शाखेत अव्वल कारकून आहे. गावाचं नाव लिहीत नाही. ब वर्ग नगरपरिषद, एवढं पुरे. बाहेरच्यांना वाटतं, निवडणूक म्हणजे मतदानाचा दिवस. आमच्या लेखी तो सगळ्यात सोपा. त्या दिवशी सगळं छापील असतं, ज्याचं त्याचं पाकीट ज्याच्या त्याच्या हातात असतं. खरा कस लागतो तो छाननी ते चिन्हवाटप या दिवसांत. तिथं प्रत्येक गोष्टीला वेळ ठरलेली असते, ‘दुपारी तीनपर्यंत’ म्हणजे तीनच, आणि तीन वाजून दोन मिनिटांनी धापा टाकत आलेल्या माणसाकडे बघून मान हलवायचं काम आमच्याकडे असतं.

राज्य निवडणूक आयोगानं 4 नोव्हेंबरला 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला. 10 ते 17 अर्ज, 18 ला छाननी. अपील नसेल तिथं 21 पर्यंत माघार, अपील असेल तिथं 25 पर्यंत. 26 ला चिन्हं, 2 डिसेंबरला मतदान, 3 ला मोजणी. कागदावर सुटसुटीत दिसतं. पण छाननीच्या टेबलामागे जो एकदा बसलाय, त्याच्या पोटात ‘अपील’ म्हटलं की गोळा येतो. अर्ज बाद झाला की उमेदवार जिल्हा न्यायालयात जातो. न्यायालयाचं स्वतःचं बोर्ड, म्हणजे रोजच्या खटल्यांची यादी असते, जामीन असतात, सुट्ट्या असतात. आणि 1966 च्या नगरपरिषद निवडणूक नियमांत असं आहे की अपिलाचा निकाल लागल्यावर माघारीसाठी तीन दिवस मिळाले पाहिजेत. माघारीची शेवटची तारीख 25, म्हणजे निकाल 22 पर्यंत हवा. 22 ला शनिवार होता.

आमच्या प्रकरणातला उमेदवार अपक्ष. तिशीच्या आतला, बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान. अर्ज बाद झाला तो सूचकामुळं, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्यामुळं. सूचक त्याच प्रभागाचा मतदार लागतो, आणि समोरच्या पार्टीच्या वकिलानं यादी नाचवत सांगितलं की याच्या सूचकाचं नाव शेजारच्या प्रभागात आहे. या वेळच्या प्रभागरचनेत तिथला एक बोळ मधोमध कापला गेलाय. डाव्या हाताची घरं एका प्रभागात, उजव्या हाताची दुसऱ्या. सूचकाचं घर अगदी टोकाचं. प्रारूप यादीत तो पलीकडे पडला होता, हरकत घेतल्यावर पुरवणीत अलीकडे आला. टेबलावर होती ती पुरवणीशिवायची यादी. पुरवणी कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते जेवायला गेलेले. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणजे आमच्या साहेबांनी थोडी वाट पाहिली आणि अर्ज बाद केला. (किल्लीवाले आले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘काय झालं?’ निवडणुकीच्या दिवसांत डबा घरी जाऊन खाणारी ही जमात मला कधीच कळलेली नाही.) पोरगं रडकुंडीला आलं. मी एवढंच म्हटलं, ‘आदेशाची नक्कल आत्ताच्या आत्ता माग, उद्यावर ठेवू नकोस.’

न्यायालयात पुरवणीची प्रमाणित प्रत गेली आणि अपील मंजूर झालं. सोमवारी, 24 तारखेला.

26 ला चिन्हवाटप झालं, त्याला कपबशी मिळाली. दुसऱ्या दिवशी त्यानं हँडबिलं छापून आणली. वर स्वतःचा फोटो, खाली कपबशी, आणि लाल ठसठशीत अक्षरांत ‘मंगळवार दि. 2 डिसेंबर’. शाखेत येऊन एक मलाही देऊन गेला. आचारसंहितेत मी ते घेणं बरोबर नाही, म्हणून परत दिलं, तर ओशाळून हसला. शुक्रवारपर्यंत आम्ही सगळी मशीनं सील करून स्ट्राँगरूममध्ये लावली होती. सोमवारी साहित्य वाटप, मंगळवारी मतदान. शनिवारी रात्री मी घरी भाकरी थापत होते आणि मोबाइल एकसारखा थरथरायला लागला.

आदेश असा होता: ज्या ठिकाणी अपिलाचा निकाल 23 नोव्हेंबरला किंवा त्यानंतर लागला, तिथं माघारीला नियमाप्रमाणे मुदत मिळालेली नाही, त्यामुळं तिथलं चिन्हवाटप नियमाला धरून नाही. अपील नगराध्यक्षपदाचं असेल तर सगळ्या नगरपरिषदेची निवडणूक पुढं, सदस्यपदाचं असेल तर तेवढ्या जागेची. माघार 10 डिसेंबरपर्यंत, चिन्हं 11 ला, मतदान 20 ला, मोजणी 21 ला. राज्यात वीसहून अधिक गावांची अख्खी निवडणूक अशी सरकली. बारामती, अंबरनाथ, फलटण, महाबळेश्वर त्यांत होती. शिवाय ठिकठिकाणच्या दीडशेच्या आसपास सुट्या जागा. मुख्यमंत्र्यांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. आमच्या वाट्याला आली एका प्रभागातली एक जागा.

मी पुन्हा पुन्हा वाचलं. नियमाच्या हिशेबानं आदेश बरोबर होता, हे मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. 24 ला निकाल म्हणजे 27 पर्यंत माघार. चिन्हं 26 ला देऊन झालेली. एका दिवसानं घोडं अडलं. पण हे गणित बोटांवर मोजण्याइतकं होतं आणि 24 च्या संध्याकाळीच मोजता आलं असतं. मोजलं गेलं ते मशीनं सील झाल्यावर, हँडबिलं वाटून झाल्यावर, मतदार चिठ्ठ्या घरोघरी गेल्यावर. मुळात कार्यक्रम आखतानाच अपिलासाठी चार दिवस जास्तीचे ठेवले असते तर? आमच्याकडे हे असंच चालतं. वर बसून कार्यक्रम आखणाऱ्याला न्यायालयाचं बोर्ड दिसत नाही, आणि ज्या कारकुनाला दिसतं त्याला कुणी विचारत नाही.

रविवारी सकाळी आठलाच कार्यालयाबाहेर गर्दी. तिन्ही पक्षांचे शहराध्यक्ष, व्यापारी मंडळाचे दोघे, प्रभागातले चार ज्येष्ठ आणि आमचा कपबशीवाला, सगळे एका अर्जावर सह्या करून आलेले. या गावात सगळ्या पक्षांच्या सह्या एका कागदावर मी तरी पहिल्यांदाच पाहिल्या. मागणी अशी की एकतर त्या जागेचंही मतदान 2 तारखेलाच घ्या, नाहीतर सगळ्या गावाचंच 20 ला घ्या. आमचं गाव आहे, आम्ही एकमतानं सांगतोय, तर अडतंय कुठं?

साहेब म्हणाले, ‘मला अधिकार नाही. कलेक्टर साहेबांनाही नाही.’

‘मग नगरपरिषदेला आहे ना? नगरपरिषदेचा ठराव घ्या.’

‘नगरपरिषद आहे कुठं? चार वर्षं प्रशासक आहे.’

व्यापारी मंडळाचे आप्पा मोठे बिलंदर. ते मुख्याधिकाऱ्यांकडे वळले. मुख्याधिकारीच प्रशासक, आणि या निवडणुकीत सहायक निवडणूक निर्णय अधिकारीही तेच. आप्पा म्हणाले, ‘साहेब, तुम्ही प्रशासक म्हणून ठराव करा, मुख्याधिकारी म्हणून पाठवा आणि एआरओ म्हणून मंजूर करा. तिन्ही शिक्के तुमच्याच टेबलावर आहेत.’ सगळे हसले, मुख्याधिकारीही हसले. पण आप्पा पुढं जे बोलले त्यावर कुणी हसलं नाही. ‘चार वर्षं ह्या गावानं मागितली तेव्हा तारीख मिळाली नाही. आता आम्ही मागत नव्हतो तर दोन-दोन मिळाल्या.’

अर्जाला आवक नंबर टाकून मी तो वर पाठवला. उत्तर येणार नाही हे अर्ज देणाऱ्यांनाही माहीत होतं.

त्यानंतर मशीनं. हे जरा सविस्तर सांगते, कारण वर्तमानपत्रात ‘एका जागेचे मतदान पुढे ढकलले’ ही एका ओळीची बातमी असते, आणि त्या एका ओळीखाली आमचा अख्खा रविवार गाडला गेला. आमच्या मशीनवर एकाच बॅलट युनिटवर तीन निवडणुका असतात: अध्यक्ष, अ आणि ब. प्रत्येकीची मतपत्रिका वेगळ्या रंगाची, प्रत्येकीच्या शेवटी ‘वरीलपैकी एकही नाही’. तिन्ही मतं दिल्याशिवाय शेवटचा लांब आवाज होत नाही. म्हणजे ‘ब’ रद्द झाली म्हणून नुसती त्यावर चिठ्ठी चिकटवून भागत नाही. मतदार दोन बटणं दाबून तिसऱ्याची वाट बघत उभा राहील आणि मशीन त्याची.

म्हणून उमेदवारांना नोटिसा, फोन, पोलीस बंदोबस्त, व्हिडिओवाला. स्ट्राँगरूमचं सील तोडलं, लॉगबुकात वेळ लिहिली. त्या प्रभागाच्या सगळ्या केंद्रांची मशीनं आणि राखीव मशीनं बाहेर काढली. लाख फोडली, दोरे कापले, पत्त्याचे टॅग काढले. ‘ब’ची मतपत्रिका युनिटमधून ओढून काढली, मोकळी झालेली बटणं झाकली, कंट्रोल युनिटवर उमेदवारांची संख्या नव्यानं भरली. मग प्रत्येक मशीनवर मॉक पोल म्हणजे चाचणीचं मतदान, निकाल दाखवायचा, प्रतिनिधींच्या सह्या, क्लिअर, परत सील. सीलचे जुने नंबर उमेदवारांच्या प्रतिनिधींनी वहीत उतरवून घेतलेले. आता ते सगळे बाद, नवे नंबर नव्यानं सांगायचे, नाहीतर मतदानाच्या सकाळी केंद्रावर ‘मशीन बदललं’ म्हणून ओरडा ठरलेला. केंद्राध्यक्षांच्या पाकिटातली प्रदत्त मतपत्रिकांची (ज्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय त्याला द्यायच्या कागदी मतपत्रिका) बंद लिफाफी फोडून त्यातूनही ‘ब’ काढली. दारावर लावायचे उमेदवारांचे तक्ते नव्यानं. आमच्यातल्या एका ग्रामविकास अधिकाऱ्याला लाखेच्या सीलचा हात इतका बसलाय की त्याच्या सीलवरचा शिक्का आरशासारखा उमटतो. त्या दिवशी त्यानं स्वतःचीच नक्षी हातोडीनं फोडली आणि म्हणाला, ‘मॅडम, फोडायचा भत्ता वेगळा मिळतो का?’

संध्याकाळी प्रभागात रिक्षा फिरवली. ‘ब जागेचे मतदान दिनांक 20 रोजी होईल, अध्यक्ष व अ जागेचे मतदान दिनांक 2 रोजीच होईल.’ रिक्षावाल्यानं दोनदा उलटं वाचलं. तिसऱ्या वेळी मी मागे बसून राहिले.

2 तारखेला साडेसातला मतदान सुरू झालं. त्या केंद्रांवर अधूनमधून तोच प्रश्न: ‘तिसरं कुठाय?’ एका आजोबांनी केंद्राध्यक्षांना सुनावलं की माझं एक मत तुम्ही चोरलंत. गावात बाकी सुरळीत. आणि मतदान चालू असतानाच बातमी आली की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं उद्याची मोजणीच पुढं ढकलली. सगळ्यांची मोजणी 21 लाच एकत्र. कारण रास्त होतं. बहुतेक ठिकाणचे निकाल आधी लागले तर उरलेल्या ठिकाणच्या मतदारांवर त्याची छाप पडणारच. सर्वोच्च न्यायालयानंही पुढं तीच तारीख कायम ठेवली. मला नवल याचं वाटलं की हे आम्ही आधी पाहिलं होतं. डिसेंबर 2021 मध्ये नगरपंचायतींच्या ओबीसी जागा न्यायालयाच्या स्थगितीनं अडकल्या, बाकीच्या जागांचं मतदान 21 डिसेंबरला झालं, त्या जागा सर्वसाधारण करून त्यांचं 18 जानेवारी 2022 ला, आणि मोजणी दोन्हींची एकत्रच, 19 जानेवारीला. चार वर्षांपूर्वीची नस्ती कपाटात होती. शोधली असती तर सापडली असती.

मोजणीचे टेबल मांडून झालेले, जाळ्या बांधलेल्या, जेवणाची ऑर्डर दिलेली. मोजणीच्या कर्मचाऱ्यांना रात्री निरोप धाडला. मशीनं परत गोदामात, दाराला दुहेरी कुलूप, बाहेर पोलीस आणि कॅमेरे. उमेदवारांच्या माणसांना समोर बसायची परवानगी होती. त्यांनी ताडपत्री ठोकली, सतरंज्या आणल्या, शेकोटी केली. थंडी कडक होती. पहिल्या दोन रात्री विरोधी पक्षांची माणसं एकमेकांवर पाळत ठेवून होती. आठवड्याभरात एकाच कढईतला रस्सा खायला लागली. कॅमेऱ्याचा पडदा सगळ्यांना दिसेल असा लावला होता. तो बंद पडला की पाचव्या मिनिटाला मला फोन. एकदा नुसती पाल लेन्सवर बसली होती.

आप्पांचं ते बोलणं मात्र डोक्यातून जाईना. आमच्या नगरपरिषदेचं आधीचं मतदान झालं नोव्हेंबर 2016 मध्ये. 74 व्या घटनादुरुस्तीनं सांगितलंय की मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. तारीख ठरवायचं काम राज्य निवडणूक आयोगाचं. अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे बजावून सांगितलं, नैसर्गिक आपत्तीसारखं कारण असल्याशिवाय चालढकल नको म्हणून. तरी ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, सदस्यसंख्या अशा एकेका वादात तारीख पुढं पुढं गेली. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांची मुदत घातली, आणि तीही वाढवून 31 जानेवारी 2026 केली. या चार वर्षांत गावाला गटारीची तक्रार करायला नगरसेवक नव्हता. तारीख कुणाच्या हातात, हा प्रश्न म्हणूनच मला कागदी वाटत नाही.

मग ती गावाच्या हातात द्यावी का? माझा भाचा इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहतो. तो सांगत होता, तिथल्या कौन्सिलनं मे 2025 ची स्वतःची निवडणूक पुढं ढकला म्हणून सरकारला आपणहून विनंती केली. कारण दिलं फेररचनेचं. नवी रचना होणारच आहे तर जुन्या सभागृहाला पैसे कशाला घालवायचे? सरकारनं मान्य केलं. सरेबरोबर आणखी काही कौन्सिलांचंही तसंच झालं. भाचा म्हणाला, ‘मावशी, पैसे वाचले.’ मी म्हटलं, जे खुर्चीत बसलेत त्यांनीच आणखी एक वर्ष मागून घेतलं आणि तुला वाचलेल्या पैशांचं कौतुक? आमच्याकडे असा ठरावाचा अधिकार असता तर प्रत्येक सभागृहाला मुदत संपायच्या आधी सहा महिने काहीतरी अडचण दिसली असती. दुष्काळ, लग्नसराई, ऊसतोड, यात्रा. आणि गावाचं एकमत म्हणाल तर जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिकच्या उमराणेत आणि नंदुरबारच्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं पुढं आलं, म्हणून आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली. लिलाव काही एकट्यादुकट्यानं होत नाही, त्याला गावाचं एकमतच लागतं.

इतकं असूनही आप्पांना माझ्याकडे उत्तर नाही. कारण गावाला तारीख बदलू देऊ नका म्हणायचं, तर ज्यांना ती बदलता येते त्यांनी ती शनिवारी रात्री बदलू नये, एवढं तरी असायला हवं.

10 डिसेंबरला माघारीचा शेवटचा दिवस. पावणेतीनला कपबशीवाला आला. हातात नमुना भरलेला. मी म्हटलं, ‘अरे, तुझ्यामुळं तर...’ आणि गप्प बसले, कारण ‘तुझ्यामुळं’ हे त्यानं गेले दहा दिवस ऐकलेलं असणार हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. बाहेर त्याच्याबरोबर दोन माणसं उभी होती. एकाला मी ओळखत होते. छाननीत यादी नाचवणाऱ्या वकिलाचा कारकून.

साहेबांनी विचारलं, ‘कुणाचा दबाव?’

‘नाही साहेब.’

‘विचार केलास?’

‘केला. दुकान दोन आठवडे बंद आहे साहेब. हँडबिलं दोन तारखेची आहेत. रोज चार पोरांना चहा-नाश्ता द्यावा लागतो. आता परत छापायचं म्हणजे...’

त्याच्या खर्चाच्या हिशेबाची वही माझ्याच टेबलावर यायची. ब वर्ग नगरपरिषदेत सदस्याला खर्चाची मर्यादा साडेतीन लाख. त्यानं त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही केला नव्हता. सगळ्यात मोठा आकडा वकिलाच्या फीचा. समोरच्या दोघांना अठरा दिवस म्हणजे आणखी अठरा दिवस प्रचार. याला ते अठरा दिवस बंद शटर. बाहेरच्या त्या दोघांनी शटर उघडायला काही मदत देऊ केली होती की नाही, ते मला कळलेलं नाही. मी त्या कागदावर वेळ टाकली, 2.51, आणि त्याची सही घेतली. नियमानं त्याला माघारीसाठी पुरेसे दिवस मिळावेत म्हणून हा सगळा खटाटोप झाला होता. ते मिळाले आणि त्यानं ते वापरले. कागदावर यात कुठंच खोट काढता येत नाही.

20 ला मतदान थंड होतं. गावच्या नगराध्यक्षाचा फैसला मशीनमध्ये बंद, कुणाला ‘ब’चं पडलंय? शाईचा जुना डाग अजून बऱ्याच जणांच्या नखावर होता. एका मतदान अधिकाऱ्यानं तो बघून एका बाईंना परत पाठवायला काढलं. प्रशिक्षणात डुलकी काढणारे लोक बरोबर माझ्याच केंद्रांवर कसे येतात कोण जाणे. बाई खमक्या. ‘आधीचं अध्यक्षाला दिलंय, हे माझ्या गल्लीला द्यायचंय,’ म्हणत आत घुसल्या. तीन तारखेच्या मंडपाऐवजी आता दुसराच मंडप, कारण पहिल्या मंडपवाल्याची लग्नाची सुपारी होती. गाड्या, वीज, चहा, भत्ते सगळं पुन्हा.

21 ला मोजणी झाली, ताडपत्री उतरली, गुलाल उधळला. ‘ब’ जागा छाननीत हरकत घेणाऱ्या पार्टीला गेली. बसस्टँडजवळचं दुकान उघडलंय. माझ्या लेकीच्या मोबाइलची काच मी तिथूनच बसवून आणली. निवडणुकीचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. पैसे मात्र त्यानं घेता घेता कमी केले, ते मी पूर्ण दिले.

निवडणुकीचा खर्च नगरपरिषदेच्या निधीतून होतो. दुसऱ्या मतदानाची बिलं मी पाठवली, ती लेखा विभागानं शेरा मारून परत केली: ‘एकाच मतदान केंद्रासाठी मंडप व वाहन भाडे दोन वेळा कसे?’ मी आयोगाच्या आदेशाची प्रत जोडली. पुन्हा शेरा: ‘सक्षम प्राधिकरणाची मंजुरी जोडावी.’ आता प्रशासक नाही, सभागृह आलंय, म्हणून विषय सभेपुढं गेला. तिथं ‘ब’ जागेचे नवे सदस्यच उठून म्हणाले की तारीख गावानं बदलली नाही, मग भुर्दंड गावानं का भरायचा, आणि पुढच्या वेळी तारीख ठरवताना नगरपरिषदेला विचारलं पाहिजे असा ठराव याच सभेत घ्या. मुख्याधिकाऱ्यांनी सांगितलं, असा ठराव अधिकारकक्षेत बसत नाही. त्यावरून तासभर गोंधळ झाला आणि बिलाचा विषय तहकूब राहिला. मंडपवाला दर सोमवारी शाखेत येऊन बसतो. मी त्याला चहा पाजते आणि पुढच्या सभेनंतर ये म्हणून सांगते.